मोडलेलं वर्ष

नावन
आयर्लंड, २४ जुलै २०११

प्रमोदिनी,

मायना नीट लिहीत नाही, कारण तू रागावून गेली आहेस की नुसतीच गेली आहेस, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की त्याप्रमाणे लिहीन.

पत्र का लिहितोय असं म्हणशील. घरात फोन आहे, दर रविवारी लागतो. पण तो फोन नितेश स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतो, मोठ्या आवाजात. सूनबाई मशीनमध्ये भांडी लावत असते, ईशा मधेच येऊन "हाय आजी" ओरडून जाते. तिकडे तुझ्यामागे तुझा रमेश खाकरतो, तेही मला ऐकू येतं. आपल्या भावाला सांग, बहिणीचं तिच्या नवऱ्याशी बोलणं चाललं असताना ओसरीवर जाऊन बसावं. अशा बाजारात मी "बरा आहे" म्हणतो आणि तू "बरी आहे" म्हणतेस. त्यातून मला काय समजायचं?

हे पत्र मी स्वतः गावात जाऊन टाकणार आहे. नितेश म्हणाला, "द्या अण्णा, ऑफिसला जाताना टाकतो." दिलं नाही. पाकीट चिकटवल्यावर जोडावर आडवी सही करणार आहे. सही दुभंगलेली दिसली तर समज, कोणीतरी आधी उघडलं आहे. तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होतो. हळदीच्या पोत्याबरोबर काट्यावर कोणाचा अंगठा पडतो ते मला पाठमोरं उभं राहूनही समजायचं.

आता मुद्द्याचं. तू थंडीचा कोट नेला नाहीस. दाराच्या मागे टांगलेला आहे. ऑगस्टमध्ये इथे उतरशील तेव्हा एअरपोर्टवर वारा असणार, हे तुला माहीत नाही असं नाही. दर वेळी हातावर कोट घेऊनच तू भारतात जातेस. नितेश म्हणाला तेव्हा तू उत्तर दिलंस, "तेव्हाचं तेव्हा बघू." हे उत्तर मला आवडलं नाही. भाचीचं, सुनेत्राचं बाळंतपण करायला जाणारी बाई असं उत्तर देत नाही.

तुला परत एकदा लिहितो, कारण नितेशने सांगितलं तेव्हा तू कोथिंबीर निवडत होतीस आणि तुझं लक्ष नव्हतं, किंवा तू तसं दाखवलंस. आपल्याला इथे येऊन ऑक्टोबरात पाच वर्षं होतात. पाच झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण त्यातलं शेवटचं वर्ष सलग इथेच काढलेलं असावं लागतं. सहा आठवडे इकडेतिकडे झाले तर चालवून घेतात म्हणे. त्याच्यावर गेलं की वर्ष मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा बारसं झालं की निघ. मला काही नाही. नितेशचा जीव वरखाली होतो.

तू गेलीस त्या दिवशी एअरपोर्टवर आलो नाही ते गुडघ्यामुळे.

श्रीराम


नावन
३ ऑगस्ट २०११

प्रमोदिनी,

सुनेत्राला मुलगा झाल्याचं कळलं. वजन चांगलं आहे म्हणालीस. कोणाच्या काट्यावर तोललं?

नितेशने तुझं तिकीट काढलं आहे, चौदा तारखेचं. रमेशच्या कॉम्प्युटरवर पाठवलं. रमेशने ते छापून तुझ्या हातात दिलं का, की "बघतो, बघतो" चाललं आहे? तो माणूस तुला सहजासहजी सोडायचा नाही. मला एक सांग, तासगावच्या घराचे कागद करायचं गेल्या वर्षी काढलं होतं त्यांनी. तू जायची आणि नेमकं ते निघायचं, असं तर नाही ना? कशावरही सही करू नकोस. मॅट्रिक झालीस म्हणून सगळे कागद कळतात असं समजू नकोस. मी सातवी आहे, पण माझ्याकडून आजवर कोणी फसवून सही घेतलेली नाही.

इकडे दोन्ही अर्ज नितेशने भरून ठेवले आहेत, तुझा आणि माझा. तीन आयरिश माणसांनी लिहून द्यायचं असतं, की हा म्हातारा आम्हाला माहीत आहे आणि वागणुकीने चांगला आहे. एक डॉक्टरीणबाई. एक ईशाच्या शाळेतल्या बाई. आणि तिसरी शेजारची गॉगर्टीबाई. मी नितेशला विचारलं, "ही मला ओळखते किती? कचऱ्याचा डबा बाहेर ओढताना 'ग्रँड डे' म्हणते आणि मी मान हलवतो. तेवढ्यावर ही माझी हमी देते, म्हणजे हिला आपल्याकडून काय पाहिजे?"

नितेश हसला. "अण्णा, तिला काही नको. ती तुम्हाला रोज बघते."

म्हणजे बघते ते खरंच आहे! मला संशय होताच. पडद्याआडून बघते.

काल ती कुंपणापाशी आली आणि ईशाला काहीतरी विचारून गेली. मी ईशाला म्हटलं, काय विचारत होती? ईशा इंग्रजीत म्हणाली, ती आजीचं विचारत होती, आजी कधी येणार, बाबाला एकट्याला करमत नसेल. "बाबा कोण?" "यू, आजोबा!" मी म्हटलं, तिला सांग, मला उत्तम करमतं. ईशाने सांगितलं की नाही कोण जाणे. सांगताना दोघी हसत होत्या.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकतो. नितेशने गेल्या हिवाळ्यात इथल्या कोर्टात जाऊन शपथ घेतली, तेव्हा तू शिरा केलास. आनंदाने केलास. पण मे महिन्यात त्याचा भारताचा पासपोर्ट वकिलातीतून परत आला, कोपरा कापलेला, वर रद्दचा शिक्का, तेव्हा तू तो उचलून मांडीवर घेऊन बसलीस. मी पेपर वाचत होतो, पण मला दिसत होतं. तू त्याच्या फोटोवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "कोपरा कशाला कापायचा? नुसता शिक्का मारला असता तरी चाललं असतं."

त्यानंतर अर्जाचा विषय निघाला की तू उठून ओट्याशी जायचीस. आणि मग सुनेत्राचं बाळंतपण आलं. तासगावात बायका कमी आहेत का? तिची आई सुरेखावहिनी आहे, वहिनीची बहीण आहे. शेवटच्या वर्षातच तुला जायचं होतं?

मी काही म्हणत नाही. नुसतं विचारतो. तोंडाने नाही म्हणायचं नाही आणि वर्षच मोडू द्यायचं, असं तर तुझ्या मनात नाही ना?

चौदा तारखेला ये.

श्रीराम


नावन
१६ ऑगस्ट २०११

नितेश स्वोर्ड्सच्या ऑफिसातून परस्पर एअरपोर्टवर गेला. ईशाला इथून सूनबाईने नेलं. ईशाने कागदावर रंगाने "आजी" लिहिलं होतं, मराठीत. तिला मराठीत तेवढंच लिहिता येतं. ते तिघं तिथे उभे राहिले. सगळी माणसं बाहेर पडली, बॅगा बाहेर पडल्या, शेवटी विमानातल्या पोरी आपल्या चाकाच्या पेट्या ओढत बाहेर पडल्या. तू नाही.

मी घरी खिचडी टाकली होती. गुडघा बरा होता, पण गाडीत पाच माणसं आणि तुझ्या बॅगा मावल्या नसत्या.

मग फोन लावला तर म्हणे, "बाळाला जरा कावीळ झाली होती, निघवेना." बाळाची कावीळ चार दिवसांपूर्वीच उतरली असं सुरेखावहिनी त्याच फोनवर मागून बोलून गेली. तिला आवाज हळू करता येत नाही, हे तुमचं दुर्दैव. म्हणजे तू खोटं बोललीस. बावन्न वर्षांत माझ्याशी खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदा धरलं. आधी किती बोलली असशील ते आता मोजत बसायला लागेल.

खरं सांग. रमेशने तिकीट दिलंच नाही का? की सही घेतल्याशिवाय गाडी करून देत नाही म्हणाला? एका शब्दाने कळव. फोनवर "तिकडे पाऊस आहे का" असं विचारलंस की मी समजेन, तुला कोंडलं आहे. मग मी नितेशला सांगून काय ते करतो.

रात्री जेवताना मी नितेशला बोललो. बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, "तुला कशाला पाहिजे आम्ही इथले नागरिक? सांगलीची खोली विकायची आहे का? एकदा आमचे पासपोर्ट कापले की आम्ही कुठे जाणार, तुमची पोरं सांभाळत इथेच मरायचं, असंच ना?"

सूनबाईने ईशाला वर पाठवलं.

नितेशने ताट सरकवलं. म्हणाला, "अण्णा, दर वर्षी तुम्हा दोघांना घेऊन मी त्या गार्डा स्टेशनच्या, पोलिसांच्या खिडकीपुढे उभा राहतो. कार्ड वाढवून द्या म्हणतो. तुम्ही बाकावर बसून चणे खात असता. खिडकीतला माणूस मागच्या वर्षी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, हे अजून किती वर्षं राहणार आहेत? आईवडिलांना ठेवायचे नियम आता कडक होतायत. मी घरी येऊन तुम्हाला काही बोललो नाही. पण एखाद्या वर्षी तो नाही म्हणाला तर मी तुम्हाला कुठे ठेवू? सांगलीला तिसऱ्या मजल्यावर, आईचा दमा आणि तुमचा गुडघा? म्हणून पाहिजे मला ते नागरिकत्व. खोली घाला चुलीत!"

मी पाणी प्यालो. खिडकीतल्या माणसाचं त्याने मला तेव्हाच का सांगितलं नाही, हे मला अजून पटलेलं नाही. पण तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो कानाची पाळी ओढतो, लहानपणापासून. काल ओढली नाही.

आज सहा आठवडे पुरे झाले. झालं तुझ्या मनासारखं. हे मुद्दाम केलंस की नाही, एवढं तरी लिही.

श्रीराम


नावन
३० ऑगस्ट २०११

प्रमोदिनी,

तुझं पत्र नाही. फोनवर "तिकडे पाऊस आहे का" असं तू विचारलं नाहीस. "ईशाची शाळा सुरू झाली का" असं विचारलंस. ही आपली खूण नव्हती.

काल दुपारी घरात मी एकटाच असताना रमेशचा फोन आला. मी एकटा असतो हे त्याला कोणी सांगितलं? हे बोलणं तुला जसंच्या तसं लिहितो, म्हणजे त्याने तुला काय सांगितलं आणि खरं काय झालं ते तुला ताडून बघता येईल.

"काय दाजी, बरं आहे का?"

"बरं आहे. अक्काला दे."

"अक्का देवळात गेली आहे. मुद्दामच आत्ता लावला."

मुद्दामच, हा शब्द लक्षात ठेव.

"दाजी, एक विचारू का? रागावू नका. आमच्या अक्काला न्यायला कोणी येणार आहे का, की आम्ही कुरिअरने पाठवायची?"

मी म्हटलं, "तिकीट पाठवलं होतं."

"ते कॉम्प्युटरवर आलं. तिकीट येतं हो. माणूस कोण आलं?"

"इथून माणूस यायचं म्हणजे काय तासगाव आणि सांगली आहे का, सकाळच्या एस.टी.ने येऊन दुपारी घेऊन जायला?"

"ते तुम्ही बघा. ती आली ती एकटी आली. सुनेच्या दारातून एकटी निघाली, आमच्या दारात एकटी उतरली. शेजारच्या बायका विचारत होत्या, मालक आले नाहीत का? मी म्हटलं, मालकांना काम आहे. काय काम आहे दाजी तुम्हाला तिथे?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे बोट लावलं, पण तो बंद झाला नाही, आणि रमेश पुढे म्हणालेला मला ऐकू आलं, "घाबरतोय म्हातारा." मग बंद झाला.

तुला काय वाटतं ते मला माहीत नाही. तू हे रमेशला शिकवलंस की तो आपल्या मनाने बोलला? तू त्याला देवळाचा बहाणा करून फोन लावायला सांगितलंस का? हो किंवा नाही लिही.

संध्याकाळी सूनबाई हॉस्पिटलातून आली तेव्हा मी तिला सहज विचारलं, की तुझ्या आईला माहेराहून आणायला तुझे वडील जात होते का. ती चहा गाळता गाळता थांबली. म्हणाली, "अण्णा, अजून जातात. आई डोंबिवलीहून कल्याणला मामाकडे जाते, रिक्षाने येऊ शकते. तरी बाबा जातात. जेवतात, मामाशी भांडतात आणि आईला घेऊन येतात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आईंनी तेच धरलंय का?"

मी म्हटलं, छे.

सूनबाई म्हणाली, "अण्णा, नितेशला सांगते. त्याने जाऊन आणलं तर?" मग स्वतःच म्हणाली, "नाही. तो मुलगा आहे. तो नाही चालणार."

आता ही पोरगी आयर्लंडमध्ये रक्ताच्या बाटल्या तपासते आणि हिला हे समजतं. मला समजलं नाही, असं मी लिहिणार नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा आमचे वडील आले होते तुला न्यायला. नंतर धाकटा भाऊ. मग नितेशच्या वेळी मी स्वतः आलो, आणि तिथून पुढे दर वेळी मीच. एकदा नदीला पाणी होतं तर पुलाच्या अलीकडे दिवसभर बसून राहिलो. त्याचा तुला कधी उल्लेखही करावा लागला नाही. म्हणून मला वाटलं असेल की ते आपोआप होतं.

पण तेव्हा एस.टी. होती. आता मधे अबू धाबीला उतरायचं, दुसरं दार शोधायचं, पाटी इंग्रजीत आणि अरबीत. कोणी काही विचारलं तर काय सांगायचं? चुकीच्या विमानात बसलो तर? हे मी रमेशला सांगणार होतो का?

श्रीराम


नावन
२२ सप्टेंबर २०११

प्रमोदिनी,

तुझं पत्र मिळालं. पाकीट आधी उजेडात धरून बघितलं, कोणी उघडलेलं दिसलं नाही. अक्षर तुझंच आहे. तीनदा वाचलं. त्यातला मजकूर मी इथे परत उतरवतो आहे. मी जे वाचलं तेच तू लिहिलं आहेस ना, हे तुला बघता यावं म्हणून. माझ्या वाचण्यावर माझा भरवसा नाही.

तू लिहिलं आहेस:

"अहो, तुमची चारही पत्रं मिळाली. सह्या शाबूत होत्या. रमेशने हात लावलेला नाही, आणि कोणत्याही कागदावर माझी सही कोणी मागितलेली नाही. घर त्याचंच आहे, मला काय करायचं आहे? फोन त्याने आपल्या मनाने केला. मी त्याला रागावले. पण तो बोलला ते खोटं नव्हतं.

"वर्ष मुद्दाम मोडलं का, असं तुम्ही दोन वेळा विचारलंत. पासपोर्टाचा कापलेला कोपरा बघून मला वाईट वाटलं होतं, ते खरं. पण मी शपथ घेतली असती. त्या खिडकीवरच्या माणसाचं नितेशने मला मागच्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्ही झोप घालवून बसाल म्हणून तुमच्यापासून लपवायला मीच सांगितलं.

"मी बॅग भरली होती. तिकीट हातात होतं. त्यावर माझं नाव होतं, बॅगेचं वजन होतं, जेवण शाकाहारी असंही होतं. नितेश म्हणाला, आई, वर्ष मोडेल. सूनबाई अक्षया म्हणाली, ईशाची शाळा सुरू होते. तुम्ही लिहिलंत, मला काही नाही, नितेशचा जीव वरखाली होतो. मी ओसरीवर बॅगेवर बसून विचार केला, की सगळ्यांना काही ना काही होतंय, आणि ज्याच्या घरी मी परत जायचं त्याला काही नाही. मग उठून बॅग आत नेली. कावीळ झाली होती हे खोटं सांगितलं, त्याबद्दल माफ करा.

"तुम्ही निरोप द्यायला एअरपोर्टवर आला नाहीत. गुडघ्याला काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी तुम्ही नदीकाठाने लांबवर चालून आला होतात.

"मी रुसून बसलेली नाही. या वयात रुसून कोण बघतंय? मी वाट बघते आहे. बाळ आता हसायला लागलं आहे. रात्री पायाला तेल लावा. प्रमोदिनी."

मजकूर संपला.

गुडघा खरंच दुखत होता, पण डावा. आदल्या दिवशी चाललो तेव्हा उजवा ठीक होता. जाऊ दे.

नितेशला पत्र दाखवलं नाही. पण त्याला कसं कळलं कोण जाणे, संध्याकाळी जवळ येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, आईचं वर्ष तर गेलं. ती आल्यापासून तिचं पुन्हा सुरू होईल. तुमची पाच वर्षं दोन आठवड्यांत पुरी होतात. तुमचा अर्ज तयार आहे, गॉगर्टीबाईंची सही झाली आहे. तुमचा तरी टाकून देऊ. आईचं मग मागाहून बघू."

"मग मला ते मिळालं आणि हिला नाही मिळालं, असं किती दिवस राहील?"

"वर्ष, दोन वर्षं. कधीकधी जास्त."

"तेवढ्यात आम्ही दोघं कुठे बाहेर जाऊन परत आलो, तर एअरपोर्टवर कसं?"

त्याने सरळ सांगितलं. मी त्यांच्याबरोबर एका रांगेत, ती लवकर सरते. तू दुसऱ्या रांगेत, जिथे कार्ड दाखवायचं, बोटं ठेवायची आणि किती दिवस राहणार ते सांगायचं.

"एकटी?"

"तिला सवय आहे, अण्णा."

तुला सवय आहे हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी तुझ्या मागेच उभा असायचो, आणि तू वळून कार्ड माझ्याकडून घ्यायचीस. त्या माणसाशी काय बोलायचं ते तूच बोलायचीस. मला वाटायचं, मी तुला सांभाळून आणतो.

मी म्हटलं, "अर्ज राहू दे. मला तिकीट काढून दे. तासगावला जायचं आहे."

नितेश म्हणाला, "मी येतो बरोबर."

"तू नको. तू मुलगा आहेस."

त्याला काही समजलं नाही. सूनबाई मागून म्हणाली, "नितेश, काढ तिकीट."

श्रीराम


स्वोर्ड्स
८ ऑक्टोबर २०११, सकाळ

प्रमोदिनी,

हे पत्र टपालात टाकत नाही. माझ्या खिशातून तुझ्या हातात येईल. दारात सगळे जमतील, रमेश काहीतरी बोलेल, आणि मग मला काय बोलायचं ते राहून जाईल. म्हणून लिहून आणतो. आत जाऊन वाच. मी ओसरीवर थांबतो.

विमान दुपारचं आहे. नितेशने ऑफिसजवळच्या हॉटेलात चहा घेऊन दिला आणि पाच मिनिटांत येतो म्हणून गेला आहे. तो अबू धाबीतल्या माणसाशी फोनवर बोलतो आहे, असा माझा अंदाज आहे. मला चाकाच्या खुर्चीत बसवून एका दारातून दुसऱ्या दारात नेणार आहेत. मी चालू शकतो, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. खुर्ची ढकलणारा नेमका मुंबईच्याच विमानापाशी नेऊन सोडेल कशावरून? पण सूनबाईने माझ्या सदऱ्याच्या खिशात मोठ्या अक्षरांत लिहून चिठ्ठी घातली आहे. ती दाखवायची, कोणी काही विचारलं तरी हीच दाखवायची.

गॉगर्टीबाई सकाळी झगा घालूनच बाहेर आली. तिने तुझ्यासाठी एक केक दिला आहे, फळांचा. दारू घातली आहे का विचारलं तर म्हणाली, अगदी थोडी. म्हणजे भरपूर असणार. रमेशला दे.

आता तिकिटाचं. नितेश यायचं तिकीट वीस दिवसांनंतरचं काढत होता. मी म्हटलं, नाही, डिसेंबरचं काढ.

तो म्हणाला, "अण्णा, सहा आठवड्यांवर गेलात तर तुमचंही वर्ष मोडेल."

मी म्हटलं, "मोडू दे."

"तुमची पाच वर्षं झाली आहेत! आज अर्ज टाकला असता तर..."

"मोडू दे म्हटलं ना."

तो माझ्याकडे वळला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

प्रमोदिनी, हा शब्द मी तुला दोन पत्रांत लिहिला होता, तोच मला म्हणावा लागला. नितेशने डिसेंबरची तारीख टाकली, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो का ठेवला, याचा मी अजून विचार करतो आहे. वाईट हेतूने ठेवला नसावा.

तेव्हा दिवाळी तासगावात. त्र्याहत्तराव्या वर्षी सासुरवाडीला दोन महिने राहणार आहे. रमेश मला घरजावई म्हणणार, हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी म्हणेल, सुरेखावहिनी हसेल. दुसऱ्या दिवशी परत म्हणेल. मी ऐकून घेईन. तिसऱ्या दिवशी मात्र घेणार नाही.

तुझं एक तिकीट फुकट गेलं. दुसरं मी काढलं आहे, माझ्या शेजारचं, पण ते तुझ्यापुढे टाकत नाही. मी विचारायला येतो आहे. तू तिथेच राहायचं म्हणालीस तर नितेशला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. पण विचारणार. आजवर न्यायला आलो तेव्हा विचारलं नव्हतं, नुसता येऊन बसायचो आणि तू पिशवी उचलायचीस.

मला काही नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोडतो. तू गेल्यापासून मला झोप नाही. घरात कुठेही आवाज झाला की तू आहेस असं वाटतं, आणि मग कोण आहे ते बघायला जिना चढून जातो. कोणी नसतं. गॉगर्टीबाईला ते पडद्याआडून दिसत असणार.

आलीस तर डिसेंबरात आपण डब्लिनला उतरू तेव्हा दोघांचंही वर्ष त्याच दिवशी सुरू होईल. रांग लांब असेल. पुढे तू उभी राहा, बोलायचं ते तू बोल. तो माणूस विचारेल, किती दिवस राहणार. तू काय उत्तर देशील ते मला आधी सांगू नकोस. मी तुझ्यामागे उभा असेन, तिथूनच ऐकेन.

तुझा
श्रीराम